आपल्या हातून गेलेले शस्त्र

आमच्या परिचयातील एका धम्मबांधवांचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीस आहे. तेथे जाऊन त्याला बरीच वर्षे झाली. आता तो त्या देशाचा नागरिकही आहे. मध्यंतरी त्याच्या वस्तीत चोऱ्या वाढल्या म्हणून त्याने एक पिस्तूल विकत घेतले होते. आता घरात लहान मूल आले आहे आणि सूनबाईंना ते शस्त्र घरात नको आहे. कचेरीतील एक सहकारी म्हणाला, "मला दे, रोख पैसे देतो." दुसऱ्या एका मित्राने सांगितले, की असे हातोहात देऊ नकोस; दोघे मिळून परवानाधारक बंदूकविक्रेत्याच्या दुकानात जा, त्याच्या वहीतून व्यवहार होऊ दे. तो आपले शुल्क घेईल, पण तुझ्या डोक्याला ताप राहणार नाही. मुलाने वडिलांना फोनवर विचारले, "बाबा, आपल्याकडे शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे ना? मग मी हे विकू का? आणि दुकानदार मध्ये घातला म्हणजे माझी जबाबदारी संपते का?"

वडील नागपूरला असतात. त्यांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला आणि वर म्हणाले, "आयुष्यात मी काठीशिवाय दुसरे हत्यार हातात धरले नाही, मी त्याला काय सांगू?" प्रश्न दूरदेशीचा आहे खरा. पण आपली मुले आज त्या देशात आहेत, आणि धम्म सातासमुद्रापलीकडे गेला म्हणून बदलत नाही. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम तेथला कायदा समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडची कल्पना तेथे चालत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याची बंदूक दुसऱ्याला विकायची तर घेणाराही ती बाळगण्यास पात्र असावा लागतो. शिवाय विकण्याचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने बंदुकांचा धंदा करणाऱ्यास संघराज्याचा परवाना सक्तीचा केला. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने अशा दुकानदाराने गिऱ्हाइकाचा पूर्वइतिहास तपासल्यावाचून बंदूक देऊ नये असे ठरविले, आणि नोव्हेंबर १९९८ पासून ही तपासणी एफबीआयच्या राष्ट्रीय यंत्रणेमार्फत होऊ लागली. मात्र हे बंधन दुकानदारावर आहे. जो धंदा करीत नाही, आपल्या घरातली एखादी बंदूक विकतो, त्याच्यावर संघराज्याच्या कायद्याने असे बंधन नाही. घेणारा त्याच राज्याचा रहिवासी असला म्हणजे झाले. (घेणारा परराज्यातला असेल तर मात्र दुकानदार मध्ये असलाच पाहिजे.) कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो, वॉशिंग्टन अशा काही राज्यांनी खासगी विक्रीसुद्धा दुकानदारामार्फतच व्हावी असा नियम केला आहे. टेक्सासने केलेला नाही. तेथे या मुलाने सहकाऱ्याला वाहनतळावर उभ्या उभ्या पिस्तूल दिले आणि पैसे खिशात घातले, तरी गुन्हा होत नाही.

एक अट आहे, आणि आमच्या मते सगळा नैतिक प्रश्न त्या अटीत दडलेला आहे. घेणाऱ्यास कायद्याने बंदूक मना आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असेल, किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे सबळ कारण असेल, तर विकणे गुन्हा ठरतो. मनाई कोणाला? गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास, फरारी इसमास, बेकायदा अंमली पदार्थ घेणाऱ्यास, न्यायाधिकाऱ्याने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरविलेल्यास, बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्यास, आणि आणखी काही जणांना. (व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांनाही, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.) पण ठाऊक असण्यावर गुन्हा अवलंबून ठेवला, आणि विचारण्याचे बंधन मात्र घातले नाही, तर त्याचा अर्थ काय होतो? जो विचारतो तो अडकू शकतो. जो विचारतच नाही तो सुखरूप राहतो. येथे कायद्याने अज्ञानाला आसरा दिला आहे.

अज्ञान हे निरपराध असते का? आपल्या धम्मात अविद्या ही दुःखाच्या साखळीतली पहिली कडी मानली आहे. एखादी गोष्ट न कळणे वेगळे, आणि कळू नये म्हणून तोंड फिरविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात चेतना आहे, आणि तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. "मला काय ठाऊक तो काय करणार होता?" हे वाक्य प्रामाणिक माणूसही बोलतो आणि ज्याने ठाऊक करून घेण्याचे टाळले तोही बोलतो. शब्द तेच असतात.

टेक्सासमध्येच याचे भयंकर उदाहरण घडले आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलंड आणि ओडेसा या शहरांत एका इसमाने रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडून ७ जणांचे प्राण घेतले. हा इसम २०१४ साली दुकानात बंदूक घ्यायला गेला होता आणि तपासणीत नापास होऊन रिकाम्या हाताने परतला होता. म्हणजे चाळणीने आपले काम केले होते. पुढे २०१६ साली त्याने एका खासगी विक्रेत्याकडून रायफल मिळविली. तेथे कोणी त्याची तपासणी केली नाही. हा विक्रेता परवान्यावाचून बंदुकांचा धंदाच करीत होता असे निष्पन्न झाले आणि २०२१ च्या जानेवारीत त्याला दोन वर्षांची कैद झाली. पण ती शिक्षा परवाना न घेतल्याची. त्या सात जिवांचा हिशेब कोणत्या कलमाखाली मांडायचा?

आता दुकानात काय घडते ते पाहू. विकणारा आणि घेणारा दोघे दुकानात जातात. घेणारा ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो. त्यात नाव, पत्ता आणि वर सांगितलेल्या मनाईसंबंधीचे प्रश्न असतात. उत्तरांखाली सही करावी लागते आणि खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा असतो. दुकानदार छायाचित्राचे ओळखपत्र पाहतो आणि तपासयंत्रणेशी संपर्क साधतो. उत्तर तीन प्रकारचे येते : द्या, थांबा, देऊ नका. 'द्या' आले तर ती बंदूक दुकानदाराच्या नोंदवहीत एकदा आवक म्हणून आणि एकदा जावक म्हणून चढते. जणू त्याने स्वतः घेतली आणि स्वतः विकली. अर्ज त्याला वर्षानुवर्षे जपून ठेवावा लागतो. सॅंडी हूकच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेल्यावर, २०१३ साली, खासगी विक्रीत दुकानदाराने हे काम कसे करावे याची कार्यपद्धती एटीएफ या सरकारी खात्याने लिहून दिली. मात्र ती ऐच्छिक राहिली. ती व्यापक प्रमाणात सक्तीची करणारे विधेयक त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी अडले, कारण तेथे ६० मते लागत होती. (सॅंडी हूकच्या बंदुका मारेकऱ्याच्या आईने रीतसर घेतलेल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. ही तपासणी तेथे उपयोगी पडली नसती.)

वहीतल्या नोंदीचा उपयोग काय? एखाद्या गुन्ह्यात बंदूक सापडली की तिच्या क्रमांकावरून कारखाना, तेथून घाऊक व्यापारी, तेथून दुकान, तेथून पहिला गिऱ्हाईक असा माग काढतात. अमेरिकेत बंदूकमालकांची राष्ट्रीय यादी नाही. १९८६ च्या कायद्याने ती करण्यास मनाई आहे. म्हणून सारा माग या दुकानांतल्या वह्यांवर चालतो. पहिल्या गिऱ्हाइकाने बंदूक हातोहात विकली की माग तेथे तुटतो. "मी विकली, कोणाला ते आठवत नाही," एवढेच उत्तर उरते. २०१५ साली झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत, मागील दोन वर्षांत बंदूक मिळविलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांनी ती तपासणीवाचून मिळविल्याचे आढळले होते.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. ज्यांना शतकानुशतके शस्त्र धरू दिले नाही, त्यांनी शस्त्रावर पहारा बसविण्याची भाषा का करावी? बाबासाहेबांनी १९३६ साली 'अनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच मुद्दा मांडला आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले आणि त्यामुळे ते बंड करू शकले नाहीत. अमेरिकेतही तेच घडले. यादवी युद्ध संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदा करून, नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसाला स्थानिक मंडळाच्या परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास बंदी केली. परवाना देणारे कोण, तर कालचे मालक! १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. म्हणजे 'परवाना' हा शब्द ऐकताच दलित माणसाच्या अंगावर काटा यावा अशीच त्याची कुळकथा आहे.

पण जरा खोल पाहिले तर दिसेल, की किंगना नाकारले ते एका अधिकाऱ्याच्या मर्जीने. तपासणी नसते तेव्हा तरी काय असते? तेव्हाही मर्जीच असते, फक्त ती विकणाऱ्याची असते. समोर आलेल्या अनोळखी माणसाला बंदूक द्यावी की नाही, हे तो कशावरून ठरवितो? चेहऱ्यावरून, कातडीच्या रंगावरून, बोलण्याच्या ढंगावरून. गोरा, नीटनेटका, 'आपल्यातला' दिसला की विश्वास बसतो. आपल्याला हा न्याय चांगला परिचयाचा आहे. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाते तो हाच न्याय. त्याच्यापेक्षा सर्वांना तेच प्रश्न विचारणारा छापील अर्ज बरा. तो शेठजींनाही तेच विचारतो आणि मजुरालाही तेच.

तो अर्ज संपूर्ण निःपक्षपाती आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या नोंदींशी तो ताडून पाहिला जातो त्या पोलिसांनी आणि न्यायालयांनी केलेल्या असतात, आणि त्या देशात काळ्या माणसावर पोलिसांची नजर अधिक असते. चाळणीची भोके एकसारखी असली तरी तिच्यात धान्य टाकणारे हात एकसारखे नाहीत. आणि चाळणी चुकतेही. एप्रिल २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातील एका गोऱ्या तरुणाने परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेतले. त्याच्या नावावर अंमली पदार्थांचे प्रकरण होते. ते कागद तपासनिसाला मिळाले असते तर विक्री थांबली असती. उत्तर 'थांबा' असे आले होते. पण कामकाजाचे तीन दिवस उलटूनही पक्के उत्तर आले नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो असा कायदा आहे. 'देऊ शकतो', 'द्यावीच' असा नाही! त्याने दिली. १७ जून रोजी त्या तरुणाने चार्ल्सटनच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना ठार केले. वही भरलेली होती, अर्ज भरलेला होता, कायदा पाळलेला होता.

म्हणून त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. दुकानदार मध्ये घातला म्हणजे जबाबदारी संपते असे नाही. दुकानदाराला ठाऊक असते ते कागदावर आलेले. सहकारी गेले महिनाभर कचेरीत कसा वागतो, बायकोबद्दल काय बोलतो, निराशेत आहे का, हे कागदाला ठाऊक नसते. ते आपल्या मुलाला ठाऊक असते. तपासयंत्रणेने 'द्या' म्हटले तरी "नाही देत" म्हणण्याचा अधिकार विकणाऱ्याकडेच राहतो. मग दुकानात जायचेच कशाला? आपले डोळे अपुरे आहेत आणि आपल्याला विकायची घाई आहे, ही दोन्ही सत्ये ओळखून तिसऱ्या माणसाला साक्षीला बोलवायचे, यासाठी. आपण आपल्या व्यवहाराचे न्यायाधीश स्वतः होऊ नये. जो व्यवहार चारचौघांसमोर, नावनिशीवार लिहिता येतो तो करावा; जो लिहून ठेवण्याची भीती वाटते त्याच्यापाशी थांबून पाहावे.

या अर्जाशी मृषावादाचाही संबंध आहे. अर्जातला एक प्रश्न असा : बंदूक तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का? वर्जिनियातील एका माजी पोलिसाने २००९ साली आपल्या मामा-काकांच्या नात्यातील वडीलधाऱ्यासाठी पिस्तूल घेतले. त्याला पोलिसांची सवलत मिळत होती एवढेच कारण. त्या गृहस्थाने आधीच ४०० डॉलरचा धनादेश पाठविला होता. अर्जावर याने 'स्वतःसाठी' असे लिहिले. पुढे पेनसिल्व्हानियात जाऊन तेथील परवानाधारक दुकानदारामार्फत, रीतसर तपासणी करून, पिस्तूल त्या गृहस्थाच्या हाती दिले. दोघेही बंदूक बाळगण्यास पात्र होते. तरीही तो दोषी ठरला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते कायम केले. चार न्यायमूर्तींना वाटले, की कोणाचे नुकसान झाले नाही. पाच जणांचे म्हणणे असे, की खरा घेणारा कोण हेच लपविले तर सगळी तपासणी पोकळ होते. आम्हाला पाच जणांचे पटते. नातेवाइकासाठी, थोड्या सवलतीसाठी, 'कोणाचे काय बिघडते' म्हणून लिहिलेले असत्य आपल्या घरांतही चालते. शिधापत्रिकेवर, दाखल्यावर चालते. चौथे शील सवलत देत नाही.

आता पहिला प्रश्न : विकावे का? अंगुत्तर निकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत; शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मूळ शब्द 'वणिज्जा' आहे, म्हणजे उदरनिर्वाहासाठी केलेला व्यापार. घरातली एक वस्तू विकणारा व्यापारी होत नाही. गंमत अशी, की अमेरिकन कायदाही धंदा करणारा आणि प्रसंगाने विकणारा असाच भेद करतो. तेव्हा शब्दाचा कीस काढून मुलगा सुटू शकेल. दुकानदाराची गोष्ट वेगळी. तो कितीही प्रामाणिक असो, आपल्या उपासकाने ते दुकान काढू नये असेच आम्ही सांगू. येथे विसंगती आहे, ती लपविण्यात अर्थ नाही : जो व्यवसाय आपण स्वतः करू नये म्हणतो, त्याच व्यवसायातल्या माणसाच्या सचोटीवर आपण विसंबतो आहोत. ज्या समाजात शस्त्रे आहेतच तेथे वही लिहिणारा नसण्यापेक्षा असलेला बरा, एवढेच त्यावर म्हणता येते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. मुलाने पिस्तूल घेतले ते घराच्या रक्षणासाठी, त्याला आम्ही दोष देणार नाही. पण विकताना ती गरज आपली राहत नाही. आपण दुसऱ्याच्या मनातली इच्छा किंवा गरज, जी काय असेल ती, त्याच्या हातात ठेवतो. घेताना स्वतःचे मन तपासता येत होते, विकताना तेही हाती नाही. म्हणून विकणाऱ्याची काळजी घेणाऱ्याहून अधिक असली पाहिजे.

न विकण्याची वाट आहे का? आहे. शस्त्र नष्ट करता येते. कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तिचा मुख्य सांगाडा. तो ठरलेल्या जागी गॅसच्या ज्योतीने कापला की ती बंदूक उरत नाही. काही शहरांत पोलीस जुन्या बंदुका घेतातही, पण त्यांचे पुढे काय होते ते आधी विचारावे. अॅरिझोना राज्यात २०१३ च्या कायद्याने, पोलिसांकडे सोपविलेली बंदूकसुद्धा नष्ट न करता परवानाधारकाला विकावी लागते. पैशांचे नुकसान होईल हे खरे. मध्यमवर्गीय माणसाला ते लागते, आणि त्याला आम्ही हसणार नाही.

हे सर्व आम्ही त्या वडिलांना सांगितले, त्यांनी मुलाला सांगितले. पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला. मुलाने सहकाऱ्याला सांगितले, की देतो, पण दुकानात जाऊन. सहकारी म्हणाला, "मग राहू दे." कारण त्याने दिले नाही, मुलाने विचारले नाही. कारण अगदी साधे असू शकेल. सरकारी अर्जावर नाव घालणे ज्यांना आवडत नाही अशी कितीतरी सज्जन माणसे त्या देशात आहेत. दोघे अजून एकाच टेबलावर डबा खातात. पिस्तूल लोखंडी पेटीत कुलपाखाली आहे, गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि सूनबाई अजून विचारीत आहेत, की ते घरातून केव्हा जाणार.